घाटातला वेग मागच्याने ठरवावा

दसरा-दिवाळी उरकली की मराठवाड्यातल्या डोंगरांना थोड्या दिवसांचे देखणेपण लाभते. पावसाळा सरलेला असतो, उन्हाला अजून धार आलेली नसते. माळावरचे गवत हिरव्याचे पिवळे होऊ लागते. सकाळी अंगावर शिरशिरी येते आणि दुपारी सावली गोड लागते. नेमक्या याच दिवसांत घराघरांत एक संवाद झडतो. मुलगा रविवारी मित्रांबरोबर मोटारसायकलवर डोंगरात जाऊन येतो म्हणतो, हल्ली मुलगीही म्हणते. आई आधी 'कोण कोण आहे?' विचारते. वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता 'काही गरज नाही' म्हणतात. आजी मात्र 'जाऊ दे रे, वयच आहे' म्हणून मोकळी होते.

या संवादात तिघांचेही थोडे थोडे खरे असते. जायला हवे, कारण आपल्या पायाखालचा मुलूख डोळ्यांनी पाहिल्याखेरीज आपला होत नाही. भीती वाटायला हवी, कारण ती निराधार नाही. आणि कोण कोण बरोबर आहे हा आईचा प्रश्न तर सर्वांत महत्त्वाचा. दहा जणांनी मिळून घाटातून गाडी चालवणे ही एकट्याने चालवण्याहून अगदी निराळी गोष्ट आहे. ती कशी करावी याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो करण्यासाठी आज बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरात जाऊ. महाबळेश्वर, माळशेज, ताम्हिणी यांची वर्णने पुष्कळ झाली. बालाघाटाच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच येते.

गड, पण किल्ला नव्हे

गड म्हटला की पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बुरूज आणि दरवाजे येतात. बीडच्या मुलखात गड म्हणजे डोंगरावरचा मठ. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड, मच्छिंद्रनाथगड अशी ही माळ बीड आणि नगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांच्या सीमेवरच्या टेकड्यांवर ओवलेली आहे. इथे तोफा नव्हत्या, टाळ होते. नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. भाविक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. ज्याला पंढरपूरला जाणे जमले नाही तो आषाढी-कार्तिकीला इथे माथा टेकतो. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे झालेल्या दसरा मेळाव्यामुळे गडाचे नाव राज्यभर पोहोचले. एरवी मात्र तो पंचक्रोशीच्या भक्तीत शांतपणे रमलेला असतो.

गडाच्या पायरीशी उभे राहून भोवताली पाहिले की बालाघाटाचा स्वभाव ध्यानात येतो. सह्याद्रीसारखे उंच कडे इथे नाहीत. माथा सपाट, कडा उतरती आणि अंगावर पायऱ्या पाडल्यासारखे काळ्या दगडाचे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाची ही घडीवर घडी आहे. उत्तरेला गोदावरीकाठची काळी सखल जमीन, तिला लोक गंगथडी म्हणतात. दक्षिणेला मुरमाड, उथळ जमिनीचे पठार. या दोहोंना जोडणाऱ्या चढाला घाट म्हणायचे.

पाटोदा तालुक्यातल्या पठाराची एक गंमत मुलांना नकाशा उघडून दाखवावी अशी आहे. सिंदफणा इथल्या चिंचोलीच्या डोंगरात उगम पावते, उत्तरेकडे उतरते आणि गोदावरीला मिळते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा याच डोंगरातली, ती सिंदफणेला मिळते. मांजरा याच तालुक्यात जन्मते, पण पूर्वेची वाट धरते आणि कर्नाटक, तेलंगण असा मोठा वळसा घालून शेवटी गोदावरीलाच भेटते. आणि विंचरणा दक्षिणेला सौताड्याच्या कड्यावरून उडी घेऊन सीनेला, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. म्हणजे एकाच पठारावर पडलेल्या दोन सरींपैकी एक गोदावरीची होते आणि दुसरी कृष्णेची. एवढे पाणी वाटून देणाऱ्या या पठाराच्या स्वतःच्या घशाला मात्र उन्हाळ्यात कोरड पडते.

एका दिवसाचा फेरा

हा मुलूख पाहायला दुचाकीसारखे वाहन नाही. बीडहून सकाळी निघावे, नारायणगडावर दर्शन घ्यावे. तिथून रायमोहा, डोंगरकिन्ही करत पाटोद्याला यावे. पुढे सौताड्याला धबधबा आणि दरीच्या तळाशी असलेले रामेश्वराचे देऊळ पाहावे. परतताना पाटोद्यावरून मांजरसुंब्याकडे वळावे, वाटेत कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी थांबावे आणि मांजरसुंब्याचा घाट उतरून दिवेलागणीच्या आत घरी यावे. अंधार पडण्याआधी आरामात पुरा होणारा हा फेरा आहे. घाईने केला तर त्यातले निम्मे दिसत नाही.

दिसण्यासारखे काय आहे? पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे रान १९९४ साली मोरांसाठी राखले गेले. पठारावरचे पवनचक्क्यांचे पांढरे खांब लांबूनच दिसू लागतात आणि इथे वारा किती जोराचा असतो याची सूचना देतात. रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्या बायाबापड्यांकडे सीताफळे मिळतात. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर फारशी निगा न मागता वाढणारे हे झाड. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळ पाटीतच डोळे उघडत असेल तर तिथेच कट्ट्यावर बसून खावे. पिशवीत घालून घरी नेईपर्यंत त्याचा लगदा होतो. कुठे टपरीवर चहा, कुठे बाजरीची भाकरी आणि ठेचा. त्या ठिकाणी मोजलेली दहा मिनिटे अर्धा तास झाली तरी कोणी घड्याळ पाहू नये. असा फेरा किलोमीटरवर मोजायचा नसतो, कुठे कुठे थांबलो यावर मोजायचा असतो.

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकी लेखकाने आपल्या मुलाला मागे बसवून आणि मित्रांना बरोबर घेऊन केलेल्या मोटारसायकल प्रवासावर एक पुस्तक लिहिले. १९७४ साली ते प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्यात तो हमरस्ते टाळून आडवाटांनी जाणे पसंत करतो. बालाघाटातले रस्ते तशाच मनोवृत्तीच्या माणसाला मानवणारे आहेत.

फटफटीचे उपकार

मोटारसायकलवर हिंडणे म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचे चोचले, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. बीड शहरात आगगाडी आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर एस. टी. आणि दुचाकी हेच या जिल्ह्याचे पाय होते. जुनी माणसे जिला अजून फटफटी म्हणतात त्या गाडीवर दुधाच्या किटल्या गेल्या, खताची पोती गेली, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या आणि नवरा-बायको-दोन लेकरे असे अख्खे कुटुंब लग्नाला गेले. राजदूत, एम-८०, किनेटिकने १९७२ साली आणलेली लूना, अशी एकेका घराची पायरी असे. शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला. मराठवाड्यातल्या किती तरी तरुणांनी आयुष्यातला पहिला पगार तिथल्या औद्योगिक वसाहतीत घेतला आणि त्या पगारातून पहिली गाडीही.

गरज म्हणून जी गाडी घरात आली तिच्यावर बसून, काही काम नसताना, केवळ डोंगर पाहण्यासाठी जाणारी ही पहिली पिढी आहे. तिला हिणवण्याचे कारण नाही. आजोबांच्या पायी वारीला जसा पोटापाण्याच्या पलीकडचा हेतू होता तसाच याही हिंडण्याला आहे. मुलीही यात मागे नाहीत. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांचे कौतुक आपण दरवर्षी करतो. मग एरवीच्या रविवारी त्यांच्या हातात किल्ली देताना कचरू नये.

भीतीचे गणित

आता वडिलांच्या बाजूचे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांवर होती. त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. हे आकडे वाचताना आपण मान हलवतो आणि पान उलटतो. पण वेग नेमका काय करतो हे साध्या त्रैराशिकाने समजते, ते घरात सर्वांनी मिळून एकदा मांडावे.

रस्त्यात शेळी आडवी आली असे समजा. ती दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ती सतराएक मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ती थांबायला आणखी दहा मीटर लागतात. झाले सत्तावीस मीटर. आता वेग दुप्पट, ताशी ८० करा. ब्रेक लागेपर्यंत तेहतीस मीटर आणि थांबायला पुढे चाळीस. कारण वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. झाले त्र्याहत्तर मीटर. घाटाच्या आंधळ्या वळणावर पुढचा रस्ता तीस-चाळीस मीटरच दिसत असेल, तर पहिला गाडीवाला शेळीला आणि स्वतःला वाचवील. दुसरा कितीही निष्णात असला तरी गणित त्याच्या विरुद्ध आहे.

ही झाली एकट्याची गोष्ट. समूहात याला एक निराळेच वळण लागते आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. दहा गाड्या एकामागून एक घाट चढत आहेत. पहिली गाडी वळणापाशी हळू होते, वळण संपले की वेग घेते. त्या क्षणी दहावी गाडी अजून वळणाच्या अलीकडे हळूच चाललेली असते. अंतर वाढते. वळण पार करून पाहतो तर पुढचे दिसेनासे झालेले. मग तो गाडी पिटाळतो आणि पुढच्या वळणावर नको त्या वेगाने पोहोचतो. रबर ताणावे आणि सोडावे तसा हा प्रकार. पुढचा ताशी ४० ने निवांत चाललेला असताना शेवटच्याला मधूनमधून ६०-७० गाठावे लागतात. आणि बहुधा हा शेवटचा म्हणजे सर्वांत नवखा, जुनी गाडी असलेला किंवा मागे कुणाला बसवून आणलेला. समूहातला सर्वांत दुबळा माणूस सर्वांत वेगाने चालवतो, हा या प्रकारातला खरा धोका आहे. त्यात 'मागे पडलो' म्हणून चिडवले जाण्याचे भय. तरुण वयात मरणाच्या भयाहूनही ते मोठे वाटते.

दिंडीचे शहाणपण

यावर उपाय शोधायला परदेशी क्लबांच्या नियमावल्या चाळण्याची गरज नाही. उपाय याच रस्त्यावरून दरवर्षी चालत जातो. नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला निघते ती रायमोहा, पाटोदा, दिघोळ, खर्डा या वाटेने. याच वाटेला आता पालखी मार्ग म्हणून राष्ट्रीय महामार्गाचे रूप आले आहे. पावसात, चिखलात, डोंगर चढून शेकडो माणसे एकत्र जातात. त्यांत सत्तरीची म्हातारी असते तशी कडेवर पोर घेतलेली सूनही असते. ही माणसे हरवत कशी नाहीत?

दिंडीची रचना पाहावी. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंग आणि वीणा, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. पताका घेतलेला तरणाताठा असतो, पण तो आपल्या पायांच्या जोरावर चालत नाही. मागच्या तुळशीचे पाऊल त्याच्या कानात असते. विसावा कुठे, मुक्काम कुठे हे निघण्याआधीच सर्वांना ठाऊक असते. मागे राहिलेल्याला कुणी हसत नाही, 'माउली, या' म्हणतात. वेगवान माणसाला हळू चालण्यात कमीपणा वाटत नाही, कारण पुढे पोहोचणे हा चालण्याचा हेतूच नसतो. एकत्र पोहोचणे हा असतो.

हेच मोटारसायकलवर आणता येते. सर्वांत नवख्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवावे, म्हणजे पहिल्याच्या आरशात तो सतत दिसतो आणि आघाडीचा वेग आपोआप त्याच्या बेताचा होतो. सर्वांत अनुभवी माणूस शेवटी असावा. त्याच्यामागे कोणी उरलेले नाही, हे पुढच्यांना निश्चित ठाऊक असते. प्रत्येक फाट्यावर थांबावे आणि शेवटची गाडी दिसल्याशिवाय कोणी हलू नये. पुढचा थांबा आधीच ठरलेला असावा, म्हणजे मागे राहिलेल्याला पाठलाग करण्याचे कारणच उरत नाही. दोन गाड्यांत किमान दोन सेकंदांचे अंतर असावे. ताशी ४० च्या वेगाला हे अंतर बावीस मीटर होते आणि दहा गाड्यांची रांग दोनशे मीटर लांबते. मागून येणाऱ्या मालमोटारीला किंवा एस. टी.ला एवढी रांग ओलांडणे अवघड. म्हणून दहाच्या दोन तुकड्या कराव्या, मध्ये भरपूर मोकळी जागा ठेवावी. एवढे साधे नियम पाळले की निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी घाटाची. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा केवळ शिष्टाचार नाही. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबावे असे २०१७ च्या वाहन चालनविषयक केंद्रीय नियमांतही सांगितले आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा. पेट्रोल वाचते म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आणि फार वाईट. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि नेमक्या वेळी ढिले पडतात. वळण आपल्याच बाजूने घ्यावे. ते कापून पलीकडे गेलेल्याला समोरची गाडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पठारावर आडवा वारा अंगावर येतो, तिथे हँडल घट्ट आवळू नये, वेग कमी करावा. माघारी येताना पश्चिमेला तोंड असेल तर कलते ऊन सरळ डोळ्यांत येते. म्हणून चारनंतर घाई करण्यापेक्षा सकाळी तासभर लवकर निघालेले बरे.

आणि ऊस. दिवाळीनंतर या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर धावू लागतात. दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला आणि मागे दिवा असलाच तर धुळीने झाकलेला. अंधारात अशी ट्रॉली उभी असेल तर ती धडक बसेपर्यंत दिसत नाही. सूर्यास्ताआधी घरी, हा नियम बाकी सगळे नियम मोडले तरी मोडू नये.

हे कुणाचे तरी घर आहे

या ट्रॅक्टरांची आणखी एक आठवण ठेवायला हवी. ज्या दिवसांत आपण डोंगराचे देखणेपण पाहायला जातो, त्याच दिवसांत याच डोंगरातली गावे रिकामी होत असतात. उचल घेतलेली जोडपी कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेसाठी ठेवलेली लेकरे राहतात. आपल्याला जे मोकळे, शांत, चित्रासारखे गाव दिसते त्याच्या शांततेचे हेही एक कारण आहे. हे ठाऊक असलेला माणूस त्या गावातून भोंगा वाजवत, सायलेन्सरची जाळी काढून फटाके फोडल्यासारखा आवाज करत जाणार नाही.

गावातून जाताना वेग निम्मा करावा. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला राम राम घालावा. सीताफळाच्या पाटीशी घासाघीस करू नये. दहा जणांनी दहा रुपये वाचवून काय मिळवायचे? पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घरून आणल्या तशा घरी न्याव्या. अभयारण्यात मोर शोधायला गाडी घेऊन आत घुसू नये. इंजिन बंद करून कडेला थांबणाऱ्यालाच केकारव ऐकू येतो. गडावर हेल्मेट काढून, हातपाय धुऊन जावे. तिथे आलेला भाविक पायी चार कोस चालून आलेला असतो, आपल्या छायाचित्रासाठी त्याची वाट अडवू नये. या साऱ्या वागण्याला आपल्याकडे एकच जुना शब्द आहे, पाहुणचार. तो यजमानाने करायचा असतो, तसाच पाहुण्यानेही.

घराने आणि सरकारने

काही गोष्टी घराच्या हातात आहेत. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हातात मोटारसायकल देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या धाकापेक्षा लेकराची काळजी मोठी असावी. हेल्मेट दोघांनाही हवे, चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही. चार वर्षांवरील मुलालाही ते लागते. आयएसआय शिक्का नसलेले, पोलिसाला दाखवण्यापुरते हेल्मेट घेणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. निघण्याआदल्या रात्री टायर, ब्रेक, चेन आणि दिवे वडिलांनी मुलाबरोबर बसून पाहावे. 'जाऊ नको' म्हणणाऱ्या बापापेक्षा शेजारी उकिडवे बसून चेनला तेल घालणाऱ्या बापाचे म्हणणे मुलाच्या कानात जास्त वेळ राहते.

काही गोष्टी सरकारच्या हातात आहेत. मोठ्या रस्त्यांची कामे झाली तरी त्यांना मिळणाऱ्या जोडरस्त्यांच्या वळणांवर कठडे, दिशादर्शक बाण आणि बहिर्गोल आरसे हवेत. गळीत हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक कारखान्याने आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तक पट्ट्या लावल्या की नाही हे परिवहन खात्याने जातीने पाहावे. या पट्टीची किंमत किती आणि एका तरुणाच्या जिवाची किती, याचा हिशेब करायला समिती नेमावी लागत नाही. आणि घाटात अपघात झाल्यास १०८ ची रुग्णवाहिका कुठून निघेल, किती वेळात पोहोचेल, हे त्या त्या तालुक्याच्या दवाखान्यात आधीच ठरलेले असावे.

एवढे झाले तर बालाघाटातली ही सहल हौसेच्या पलीकडे जाईल. आपल्या जिल्ह्यातले पाणी कुठून कुठे जाते, इथली माणसे हंगामाला कुठे जातात, धाकटी पंढरी कुणाची आणि तिथे कोण येतो, हे तरुणांना पुस्तकाशिवाय कळेल. जोडीला आणखी एक गोष्ट कळेल, ती शाळेत शिकवता येत नाही. पुढे जाण्याची ताकद असताना मागच्यासाठी थांबणे, आणि त्या थांबण्याचे उपकार न दाखवणे. घाट ती शिकवतो, कारण तिथे चूक झाली तर तो माफ करत नाही. पुढच्या रविवारी किल्ली हातात देताना आईने 'कोण कोण आहे?' हा प्रश्न जरूर विचारावा. त्याला एकच जोड द्यावी: 'आणि सगळ्यांत शेवटी कोण आहे?' या प्रश्नाला ज्या चमूकडे चटकन उत्तर असेल, त्याच्याबरोबर आपले लेकरू खुशाल पाठवावे.